कंदीलपुष्पाच्या फोटोला निघण्याआधी

पहिल्या पावसाळ्यात कंदीलपुष्प शोधायला गेलो तेव्हा सकाळी सातपासून अकरापर्यंत पठारावर फिरलो आणि काहीही दिसलं नाही. वैतागून एका खडकावर बसलो, डबा उघडला. पोळीचा दुसरा घास घेताना नजर खाली गेली, तर बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावर, गवतकाडीएवढ्या देठावर, एक हिरवट-जांभळा कंदील उभा होता. बसताना पाय जरा पुढे टाकला असता तर तो बुटाखालीच गेला असता.

पुढचे दोन तास त्याचे एकशे चाळीस फोटो काढले. घरी येऊन पाहिले, एकही धड नाही. आणि शेवटच्या काही फोटोंत मागचं गवत माझ्याच गुडघ्यांनी दडपलेलं दिसत होतं. त्या दडपलेल्या गवतात त्याच जातीचं दुसरं एक रोप मोडून आडवं पडलं होतं. मी त्याच्यावर दोन तास बसलो होतो आणि ते मला घरी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर कळलं.

त्यानंतर आठ पावसाळे गेले. कॅमेऱ्याचं तंत्र त्यातल्या पहिल्या दोनात जमलं. उरलेले सहा गेले ते पाय कुठे ठेवायचा आणि तोंड कधी बंद ठेवायचं हे शिकण्यात. तुमचे तरी तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी फूल समजून घ्या

कंदीलपुष्प म्हणजे शास्त्रीय भाषेत सेरोपेजिया. गावाकडे जातीप्रमाणे आणि भागाप्रमाणे खरचुडी, हमण अशी नावं ऐकू येतात. रुई, करवंद, सदाफुली यांच्याच कुळातलं. लिनियसने १७५३ मध्ये नाव देताना ग्रीक शब्द जोडून 'मेणाचं कारंजं' असा अर्थ साधला. आपल्याकडच्या माणसाला त्यात कंदील दिसला, आणि मला विचाराल तर आपला माणूस जास्त बरोबर होता. खाली फुगीर तळ, वर निमुळती नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या. बहुतेक जातींत त्यांची टोकं वर एकत्र जुळलेली असतात, त्यामुळे पाच खिडक्यांचा पिंजरा तयार होतो.

हा पिंजरा म्हणजे चिलटांसाठी लावलेला सापळा आहे. वासाला भुलून बारीक माशी खिडकीतून आत येते, नळीतून घसरत तळाशी जाते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेला वळलेले असतात. उतरता येतं, चढता येत नाही. कित्येक जातींत तळाचा भाग अर्धपारदर्शक असतो. माशी उजेडाकडे धावते आणि तिथेच घुटमळत राहते. त्या घुटमळण्यात परागांच्या पिशव्या तिच्या सोंडेला चिकटतात. पुढे केस सुकतात, फूल कलतं, माशी सुटते आणि दुसऱ्या कंदिलात जाऊन पुन्हा फसते. फोटो काढताना या प्रत्येक गोष्टीचा संबंध येणार आहे, म्हणून एवढं सांगितलं.

भारतात याच्या पन्नासहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. सह्याद्री हे त्यांचं मोठं घर. काही जाती एखाद-दोन डोंगरांपुरत्याच उरल्या आहेत. कारणं जमिनीवरचीच आहेत: वणवे, खाणी, रुंद होणारे रस्ते, बेसुमार चराई, आणि जमिनीत असलेला गोडसर कंद. एका डोंगरावर गुरं घेऊन बसलेल्या आजोबांना मी मोबाइलवरचा फोटो दाखवला तेव्हा ते हसले. "ह्ये व्हय! लहानपणी गुरामागं असताना उकरून खायचो आम्ही. आता पोरांना ठावंच नाही." त्यांच्या पिढीच्या खाण्याने वेल संपला असं मला वाटत नाही. तेव्हा डोंगरही तेवढा मोकळा होता.

१. आधी कुंडीतल्या फुलावर हात बसवा

जंगलातल्या दुर्मीळ झाडावर मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढणं, शिकायची नाही. हा माझा एकमेव कडक नियम.

नर्सरीत 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' नावाचा लोंबता वेल मिळतो, बदामाच्या आकाराची ठिपकेदार पानं असलेला. तो दक्षिण आफ्रिकेतला सेरोपेजियाच आहे. फूल जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं, पण रचना तीच: फुगीर तळ, नळी, वर पिंजरा. एक कुंडी खिडकीत टांगा. फुललं की रोज अर्धा तास त्याच्याशी झटा. फोकस कुठे धरायचा, किती जवळ गेलं की आपलीच सावली पडते, पंखा एकवर ठेवला तरी फूल किती हलतं, हे सगळं घरात चहा पितापिता कळतं.

देशी जाती जवळून बघायच्या असतील तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्या जपलेल्या आहेत. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या गटावर वर्षानुवर्षं काम केलंय. वेळ विचारून, परवानगीने जा.

२. कुठली जात, कुठे, केव्हा

'कंदीलपुष्प बघायचंय' एवढं पुरेसं नाही. एक जात ठरवा. काही जाती ताठ उभ्या वाढतात, पठारावरच्या गवतात किंवा कड्याच्या खाचेत. जास्तीत जास्त गुडघ्याएवढ्या. काही वेली, करवंदीच्या जाळीत चढलेल्या. काट्यांमुळे शेळीचं तोंड पोहोचत नाही, म्हणूनच त्या तिथे टिकलेल्या असतात. उभी जात शोधायची तर नजर जमिनीवर, वेल शोधायची तर जाळीत.

शास्त्रीय नावातल्या, सेरोपेजियानंतरच्या दुसऱ्या शब्दातून बराच पत्ता लागतो. अंजनेरिका ही जात नाशिकजवळच्या अंजनेरीवरून २००६ मध्ये नव्याने नोंदवली गेली. पंचगणिएन्सिसचा पत्ता नावातच आहे. लॉई हरिश्चंद्रगडाच्या परिसरात दिसते. जैनी ही छोटी जात कास, आंबोलीकडच्या पठारी गवतात. महाबळेई जुन्नरच्या डोंगरांत. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. महाबळे यांचं नाव तिला दिलंय. सांतापावीमागे मुंबईच्या सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव आहेत. मला ही नावं वाचायला आवडतात. एकेका फुलाच्या मागे कोणीतरी शंभर डोंगर पायी तुडवलेला माणूस असतो.

हंगाम साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. कंदाला पहिल्या पावसात कोंब येतो, पण फुलाला वेळ लागतो. माझा अनुभव असा की गणपतीच्या आगेमागे, पावसाने दोन दिवस उघडीप दिली की जावं. त्याआधी धुकं आणि वारा, त्यानंतर गवत कमरेएवढं.

एक सापळा: उन्हाळ्यातल्या ट्रेकच्या आठवणीवर जागा शोधू नका. तोच डोंगर ऑगस्टमध्ये ओळखू येत नाही.

३. परवानगी आणि कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चुकला तर वनविभागाच्या नाक्यावरूनच परतावं लागतं.

जिथे जाताय ती जमीन कोणाची, हे आधी शोधा. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आलं. तिथे हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा असते आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. कोकणातले सडे, म्हणजे कातळाची पठारं, बऱ्याचदा मालकीचे किंवा गावाचे असतात. देवराई असेल तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, मग सरकारी कागद काहीही म्हणो.

अभयारण्यात झाड उपटणं, फुलं तोडणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. 'एकच फूल तोडलं, ओळख पटवायला' ही सबब चालत नाही, चालूही नये.

सोबत ठेवा:

- आधारची प्रत आणि मूळ ओळखपत्र
- वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाचा साधा अर्ज, दोन प्रतींत: कोण, कधी, कुठे, कशासाठी, किती जण, सोबत कोणती साधनं
- त्यातल्या एका प्रतीवर पोच, शिक्का-सहीसह
- गाडीचे कागद, प्रवेश शुल्काची पावती
- ड्रोन किंवा व्हिडिओचं युनिट नेणार असाल तर त्याची वेगळी परवानगी (ड्रोनची गरजच काय, हा माझा प्रश्न)

पोच घ्याच. एका ठिकाणी मला फोनवर "या की, काही अडचण नाही" असं सांगितलं होतं. पहाटे पाचला नाक्यावर पोहोचलो तर ड्युटीवर वेगळाच माणूस, आणि त्याला कोणी काही कळवलेलं नव्हतं. त्याचीही चूक नव्हती. साडेनऊला साहेब आले तोवर पहाटेचा मऊ उजेड गेला होता आणि वारा सुटला होता.

स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याला ठरवून पूर्ण दिवसाचे पैसे द्या. "दादा, जरा दाखवा ना" म्हणून फुकटात माणूस डोंगरावर चढवायचा आणि खाली आल्यावर बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा, हे मी शहरातल्या लोकांना करताना पाहिलंय. ज्या गावाला या फुलातून दोन पैसे मिळतात ते गाव खडीवाल्याला हुसकावतं.

४. पिशवीत काय हवं

कॅमेऱ्याबद्दल फार भांडू नका. ९० ते १०५ मिलिमीटरची कोणतीही मॅक्रो लेन्स पुरते. मोबाइलवरही उत्तम होतं. फक्त त्यातला मॅक्रो मोड बऱ्याचदा वाइड लेन्स वापरतो आणि फुलाला अगदी चिकटायला लावतो. त्यापेक्षा टेलिफोटो लेन्सने जरा लांबून काढून फोटो कापलेला बरा.

बाकीचं सामान जास्त महत्त्वाचं:

- वाळूची किंवा तांदळाची छोटी पिशवी, कॅमेरा जमिनीलगत टेकवायला. तीन पायांच्या स्टँडला तीन ठिकाणी जमीन लागते, पिशवीला एकाच.
- पांढऱ्या पातळ प्लॅस्टिकचा किंवा बटर पेपरचा तुकडा, ऊन मऊ करायला
- पांढरा पुठ्ठा, वहीएवढा, सावलीतल्या बाजूला उजेड परतवायला
- छोटी बॅटरी (ती लागणारच आहे, पुढे सांगतो)
- केसांचे चिमटे, पाच
- सहा इंची पट्टी
- वही आणि पेन्सिल. पावसात पेनची शाई पसरते
- प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुके टॉवेल, सिलिका जेलच्या पुड्या
- आंबोली, कोयनेकडे जाणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे. मीठ नेलंत तर ते पायावर वापरा, जमिनीवर फेकू नका.

चिमट्यांबद्दल सांगतो. फुलाच्या पुढे गवताचं पातं आडवं येतंच. नवखा माणूस ते उपटतो. मग दुसरं, मग तिसरं, आणि दहा मिनिटांत फुलाभोवती हातभर जमीन न्हाव्याने केल्यासारखी होते. त्या गवतानेच फुलाला वाऱ्यापासून आणि शेळीपासून लपवलं होतं, आणि वेल असेल तर तो त्याच काडीला धरून उभा होता. म्हणून पातं उपटायचं नाही. हळूच बाजूला वाकवून शेजारच्या पात्याला चिमट्याने धरायचं. काम झालं की सोडून द्यायचं. ते परत येऊन जागेवर उभं राहतं. नेताना पाच चिमटे, आणताना पाच, मोजून.

५. शोधताना

एकामागून एक चाला, दगडावरून चाला, गवतात पसरून चालू नका. चार जण असाल तर दोघे वाटेवरच थांबा. पहिलं रोप दिसलं की ओरडून सगळ्यांना बोलावू नका. जागच्या जागी उभं राहा आणि आधी स्वतःच्या पायाभोवती बघा. जिथे एक असतं तिथे आसपास आणखी असण्याची शक्यता असते; त्यातली बहुतेक फुलाशिवाय, नुसती पानं. नुसत्या पानांची रोपं गवतात गवतच वाटतात. मी मोडलं ते असंच होतं.

कड्याच्या टोकावर वाढणाऱ्या जातींसाठी ओल्या, शेवाळलेल्या उतारावर उतरू नका. फूल लांब असेल तर लांबून काढा. फोटो साधा येईल, येऊ दे.

६. बसण्याआधी पाच मिनिटं

पिशवी खाली ठेवायची नाही, कॅमेरा काढायचा नाही. नुसतं बघायचं.

उजेड कुठून येतोय, वारा कोणत्या बाजूचा, फुलामागे काय आहे, आणि गुडघा टेकायला उघडा दगड कुठे आहे. दगड नसेल तर उभ्यानेच किंवा उकिडवं बसून काढा. वाकून पाठ धरेल. धरू दे.

हाताला डास पळवायचं मलम किंवा सेंट लावलं असेल तर धुवा. आत यायच्या माशीला वासाने बोलावणाऱ्या फुलाशेजारी तुम्ही सिट्रोनेला चोळून बसलात तर त्या दिवशीचा त्याचा धंदा तुम्ही बुडवलात.

स्प्रेच्या बाटलीने फुलावर थेंब उडवण्याची फॅशन आहे. करू नका. नळीत पाणी गेलं की सापळा निकामी. शिवाय सप्टेंबरच्या दुपारी कोरड्या पठारावरचं एकच फूल दवाने निथळतंय, हे ज्याला कळायचं त्याला लगेच कळतं.

७. प्रत्यक्ष फोटो

वेळ पहाटेची. सूर्य वर आल्यावर तासाभरात वारा सुटतो आणि मग फूल डोकं हलवत बसतं.

फूल लहान असलं तरी सरळ त्याच्यावर चाल करू नका. पहिला फोटो उभ्याने, दहा पावलांवरून. दुसरा पाच पावलांवरून. हे दोन फोटो नंतर सगळ्यात उपयोगी पडतात आणि सगळे जण हेच काढायचे विसरतात.

आता जवळ. कॅमेऱ्याचा पडदा नळीला समांतर ठेवा, म्हणजे तळापासून पिंजऱ्याच्या टोकापर्यंत सगळं एका पातळीत येतं. हे जमलं की निम्मं काम झालं. आकड्यांत सांगायचं तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर फूल खऱ्या आकाराएवढं, म्हणजे एकास एक, घेतलंत तर एफ ८ ला (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लेन्सचं छिद्र लहान) स्पष्ट दिसणारी जाडी फक्त एक मिलिमीटरच्या आसपास असते. थोडं मागे येऊन निम्म्या आकाराला घेतलंत तर तीच जवळपास तीन मिलिमीटर होते. म्हणून हावरटपणा न करता मागे या, एफ ८ ते एफ ११ ठेवा. एफ १६ च्या पुढे जाऊन फायदा नाही. सगळंच थोडं थोडं मऊ पडतं.

कॅमेरा हातात धरला असेल तर शटरचा वेग किमान १/२०० सेकंद तरी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० ठेवायला घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. हात स्थिर ठेवून फोकस पुढे-मागे करत दहा-बारा फोटो घेऊन ते जोडण्याचं तंत्रही चांगलं, पण वारा पूर्ण पडलेला असेल तरच. वाऱ्याने हलणारं फूल धरायला चिमटा लावायचाच तर तो शेजारच्या काडीला. फुलाच्या देठाला कधीच नाही.

आता बॅटरी. फुलाच्या मागे, तळाच्या पातळीला, हातभर अंतरावर ती धरा, वर बटर पेपर लावून. कॅमेरा समोर. नळी आतून उजळते. एकदा अशीच बॅटरी धरली होती. फुगीर तळाचा हिरवट काचेसारखा पट्टा चमकला आणि त्याच्यामागे एक सावली हलली. चिलट होतं. भिंतीला चिकटत गोल फिरत होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. वर नळीत खाली वळलेले केस एकेक मोजता येत होते. मी तीन फोटो घेतले आणि बॅटरी बंद केली. त्याहून जास्त वेळ उजेड ठेवायचा नाही: माशीला उजेडाने भुलवणं हे फुलाचं काम आहे, आपण त्यात दुसरा दिवा लावायचा नसतो.

फ्लॅश वापरायचा तर मऊ करून, एक-दोनदाच.

आत काय आहे ते बघायला फूल चिरू नका, वाकवू नका, करवंदीवरून वेल सोडवून 'मोकळ्यावर' आणू नका. सोडवलेला वेल तुम्ही परत गुंडाळलात तरी तो तसा धरत नाही.

८. ओळख पटवणारे फोटो

सुंदर फोटो तुमच्यासाठी, हे अभ्यासकांसाठी. या गटात दोन जातींतला फरक कधी कधी पाकळीच्या टोकावरच्या केसांवर ठरतो, आणि तुमचा तो एकमेव धूसर पार्श्वभूमीचा फोटो तिथे कुचकामी असतो. घ्यायचे ते असे: पूर्ण रोप जमिनीसकट, पान वरून आणि खालून (हात न लावता, खालून काढायला मोबाइल सरकवा), खोड, लव आहे की गुळगुळीत, फूल बाजूने, शेजारी पण न टेकवता पट्टी धरून, फूल थेट वरून, पाकळ्या जुळल्यात की सुट्या ते दिसेल असं, कळी, शेंग असल्यास शेंग.

कंदाचा फोटो नाही. कोणी कितीही मोठ्या अभ्यासकाचं नाव सांगून मागितला तरी नाही.

वहीत तारीख, वेळ, उंची, जमीन कशी, शेजारी कोणती झाडं, किती रोपं, त्यातली किती फुललेली, चराईच्या किंवा आगीच्या खुणा. फोटोपेक्षा ही चार ओळींची नोंद जास्त काळ टिकते.

९. घरी आल्यावर जागा लपवा

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली.

तिसऱ्या वर्षी एक चांगला फोटो आला. हौसेने एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली गावाचं नाव, 'मंदिराच्या मागच्या उतारावर' असंही लिहिलं. भरपूर अंगठे आले. तीन रविवारांनंतर मी पुन्हा गेलो. उतारावर वाट नव्हती तिथे वाट पडली होती. दगडाशेजारी रोप होतं तिथे अंगठा आत जाईल एवढा खड्डा होता, कडा ताज्या, लाल मातीत काडीने उकरल्याच्या रेघा. कोणी नेलं मला माहीत नाही. पत्ता मात्र मीच दिला होता.

तेव्हापासून:

- मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंद. डोंगर चढण्याआधी, उतरल्यावर नाही.
- व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यातली जागेची माहिती तशीच जाते. अशा फोटोंसाठी ती आधी पुसून टाका.
- पार्श्वभूमीत किल्ल्याचं टोक, पवनचक्की, देवळाचा कळस येऊ देऊ नका. ट्रेकिंग करणारी माणसं नुसत्या सुळक्यावरून डोंगर ओळखतात.
- आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राण्यांच्या नोंदी ठेवणारी साइट) नोंद करताना जिओप्रायव्हसी या जागा लपवायच्या पर्यायात 'ऑब्स्क्युअर्ड' निवडा. मग नकाशावर खूण साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही पडते. संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातींसाठी ही साइट आपोआप असं करते, पण प्रत्येक जातीची तशी नोंद असेलच असं नाही. स्वतः तपासा.
- फोटोही थोडा उशिरा टाका. हंगाम संपल्यावर, दिवाळीत.
- नेमकी जागा द्यायची ती फक्त वनविभागाला किंवा त्या गटावर खरंच काम करणाऱ्या अभ्यासकाला, खाजगीत.

'कुठे मिळालं हो?' हा प्रश्न येणारच, बहुतेक वेळा चांगल्या मनाने. मी "नाशिक जिल्ह्यात" एवढंच सांगतो. काही लोक रागावतात, 'तुम्ही काय मालक आहात का' म्हणतात. मालक नाहीच, म्हणून तर दुसऱ्याच्या घराचा पत्ता वाटत फिरत नाही.

१०. ऑक्टोबरात पुन्हा जा

फूल झालं की फोटोवाले जातात आणि पुढच्या वर्षीच येतात. शेंगांचे फोटो म्हणूनच कमी आहेत. फळ म्हणजे बारीक शेंगांची जोडी, शिंगांसारखी. ती वाळून उकलली की आतून रेशमी शेपूट असलेल्या बिया सुटतात. आपण रुईच्या बियांना म्हातारी म्हणतो ना, तशाच.

जाण्याआधी सप्टेंबरमधला दहा पावलांवरून काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यातल्या दगडावरून जागा सापडेल, कारण वेल तोवर पिवळा पडून करवंदीत मिसळलेला असतो. शेंगा किती धरल्या ते मोजून वहीत लिहा. फुलं किती होती ते वरच लिहिलेलं असतं. दोन आकडे शेजारी आले की चिलटांनी त्या वर्षी किती काम केलं त्याचा अंदाज येतो. माझ्या एका वेलीवर गेल्या वर्षी बावीस फुलं मोजली होती आणि शेंगांची जोडी एकच.

ती उकलायच्या बेताला असताना मी पोहोचलो. वारा होता, त्यामुळे १/१००० शटर, एफ ८, आयएसओ १६००. पहिली म्हातारी फ्रेममधून कधी गेली कळलंच नाही. दुसरी दोन हात उडून करवंदीच्या काट्याला अडकली आणि तिथेच फडफडत राहिली, म्हणून फोटोत आली. फोटो काढून मी थोडा वेळ थांबलो. हात पुढे करून सोडवावी असं फार वाटलं. पण वारा आहेच म्हणून तसाच खाली उतरलो.